चावी खिशात, तरी दिवे लुकलुकत होते

आईच्या उपचारांसाठी आम्हाला दर आठवड्याला साताऱ्याहून पुण्याला जावं लागतं. गाडी 2018 ची पेट्रोल स्विफ्ट. जाऊन-येऊन 232 किलोमीटर होतात आणि महिन्याचा पेट्रोलचा खर्च अंगावर येतो. अशात मोबाईलवर एक जाहिरात दिसली. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये एक छोटी डबी खोचायची, की ॲव्हरेज 35 टक्क्यांनी वाढणार. किंमत 899 रुपये, पैसे माल हातात आल्यावर. मी मागवली.

माझा विश्वास बसला तो त्या सॉकेटमुळे. ते ओबीडी पोर्ट खरंच गाडीत असतं. गॅरेजवाले तिथेच स्कॅनर लावून फॉल्ट वाचतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून तिथे लावायची वस्तू इंजिनाशी काहीतरी बोलत असेल, असं धरून चाललो. ही डबी विकणाऱ्यांची सगळी मदार याच समजावर आहे.

सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, की डबी पहिले 240 किलोमीटर तुमचं ड्रायव्हिंग ‘शिकते’ आणि मग फरक दिसू लागतो. लावल्यावर हिरवा, लाल, निळा असे तीन दिवे लुकलुकायला लागले. नशिबाने डबी लावण्याआधीच्या दोन खेपांचा हिशोब माझ्या वहीत होता. दर वेळी एकाच पंपावर टाकी भरायची, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबायचं, वरून एक थेंबही घालू द्यायचा नाही. परत आल्यावर पुन्हा तसंच भरायचं आणि किलोमीटरला लिटरने भागायचं. त्या दोन खेपांना 12.6 आणि 12.4 लिटर लागलं होतं, म्हणजे साधारण साडेअठराचं ॲव्हरेज.

डबी लावून पहिली खेप केली तर 11.7 लिटर लागलं. ॲव्हरेज 19.8! घरी येऊन मी सगळ्यांना सांगितलं, मेव्हण्याला तर फोनच केला. तो टुरिस्ट गाडी चालवतो. त्याने त्याच दिवशी एक मागवली, त्याच्या स्टँडवरच्या आणखी काही जणांनीही मागवल्या. याचं मला आजही फार वाईट वाटतं.

पुढच्या दोन खेपांना 12.5 आणि 12.7 लागलं. म्हणजे गाडी होती तिथेच आली. मग पहिल्या खेपेला काय झालं होतं? नीट आठवलं तेव्हा कळलं. आता ॲव्हरेज मोजायचं म्हणून मी त्या दिवशी सत्तरच्या वर गेलोच नव्हतो. येताना खंबाटकीचा घाटही पाय हलका ठेवून चढलो होतो. पेट्रोल वाचलं ते माझ्या पायाने. ‘240 किलोमीटर थांबा’ ही अट घालायचं कारणही हेच असावं. माणूस तेवढे दिवस जपून चालवतो, त्यात थोडा फरक दिसतो आणि तो डबीचा वाटतो.

विकणाऱ्याला फोन केला. “सर, गाडीला अजून सवय लागली नाही, आणखी हजार किलोमीटर चालवा.” परत घ्यायची मुदत सात दिवसांची होती, ती केव्हाच उलटून गेली होती.

मग एका संध्याकाळी गाडी लावली, चावी काढून खिशात ठेवली आणि पायाशी पडलेली आईची पाण्याची बाटली घ्यायला वाकलो. स्टिअरिंगखाली दिवे लुकलुकत होते. इंजिन बंद, चावी माझ्या खिशात, आणि ही डबी अजून ‘शिकत’ होती!

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या काकांनी स्क्रू ड्रायव्हरने डबी उघडली. आत नखाएवढी एक चिप, तीन दिवे, एक बटण आणि दोन-चार बारीक सुटे भाग. पोर्टला सोळा पिना असतात. सोळाव्या पिनेवर बॅटरीचा करंट कायम चालू असतो आणि चौथी-पाचवी अर्थिंगची. इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरशी, म्हणजे ईसीयूशी, बोलायचं तर माझ्यासारख्या गाडीत सहावी आणि चौदावी पिन लागते. काकांनी टोकाने दाखवलं, त्या दोन पिनांच्या मागे बोर्डावर तांब्याची एक रेघही नव्हती. करंट घ्यायचा आणि दिवे लावायचे, एवढंच काम.

काका म्हणाले, “अहो, ईसीयू पेट्रोल किती सोडायचं ते ऑक्सिजन सेन्सरवरून सारखं ठरवत असतो. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे साधारण 14.7 भाग. ते बदलायचं तर त्या गाडीचं सॉफ्टवेअर काढून नवीन घालावं लागतं. सगळ्या गाड्यांना एकच डबी कशी चालेल?” हा प्रश्न मला 899 रुपये देण्याआधी पडायला हवा होता.

नंतर वाचताना कळलं, की अमेरिकेतल्या ईपीए या सरकारी संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून जास्त उपकरणं तपासली आहेत आणि एकातही लक्षणीय बचत आढळलेली नाही. आपल्याकडे पीसीआरए ही सरकारी संस्था वर्षानुवर्षं 45 ते 55 च्या वेगात चालवा, टायरची हवा तपासत राहा, असं सांगते. त्याला एक रुपयाही लागत नाही.

मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पार्सलवरचा फोन आता लागत नाही, आणि तोच फोटो वेगळ्या नावाने, 599 रुपयांना पुन्हा दिसतो आहे. तुम्ही मागवली असेल तर पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा, बिल जपून ठेवा आणि मुदतीच्या आत परत करा.

रविवारी मेव्हण्याच्या स्टँडवर गेलो. सहा गाड्यांमध्ये तीच डबी होती. प्रत्येकाला म्हटलं, चावी काढा आणि खाली वाकून बघा. सहाही ठिकाणी दिवे लुकलुकत होते. मेव्हणा काही बोलला नाही, त्याने डबी ओढून काढली आणि माझ्या हातात दिली.