बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरची कुंभारमाती: मुलांच्या हातकामासाठी कशी आहे?

उत्तम आहे, पण कोरड्या भुकटीऐवजी मळलेला गोळाच मागून घ्या. एका मुलाला 1 किलो पुरते. ज्येष्ठ अमावास्येला, कन्नडात जिला मण्णेत्तिन अमावास्या म्हणतात, आपल्या भागात मातीचे बैल पुजतात; ते पोरांनीच घडवावेत, यासारखं हातकाम नाही.

डबीतली रंगीत माती फार मऊ असते, बोटांना कष्टच पडत नाहीत. ही लाल माती दाबली की सामना करते. अंगठा, मूठ, मनगट सगळं कामाला लागतं आणि पुढे पेन्सिल धरणाऱ्या हाताला तेच हवं असतं. शाडू गुळगुळीत खरा, पण बारीक वळी वळताना तो लवकर तडकतो.

माती तयार आहे का ते आधी पाहा. पेन्सिलीएवढी वळी बोटाभोवती गुंडाळा. चिरली तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. तळव्याला चिकटली तर गोणपाटावर थोडा वेळ ठेवा.

बैलाचे पाय वेगळे चिकटवू नका, वाळताना हमखास गळतात. जाडसर लोड वळा, दोन्ही टोकांना दोऱ्याने उभी चीर द्या, कमानीसारखा वाकवा आणि चिरा फाकवा: चार पाय तयार, तेही पोटातूनच निघालेले. शिंगं डोक्याच्याच मातीतून चिमटीने ओढा. वशिंड मात्र जोडावं लागतं. दोन्ही बाजू जुन्या कंगव्याने खरवडा, पातळ चिखल लावा, मग दाबा. नुसतं पाणी लावलेला जोड सुटतो.

वाळवणं हाच या मातीचा खरा त्रास. उन्हात ठेवली की वरचा थर आधी आकसतो, आत ओल राहते आणि तडा जातो. सावलीत, पहिले दोन दिवस ओलसर फडक्याखाली ठेवा. खानापूरच्या पावसात आठ-दहा दिवसही लागतात. रंग द्यायचा तर गेरू, तोही जवळजवळ कोरड्या कुंचल्याने. पाणी जास्त झालं की कच्चा बैल विरघळू लागतो.

कुंभाराच्या आव्यात भाजून घेणार असाल तर पोट खालून कोरून पोकळ करा. जाड गोळ्यात अडकलेल्या ओलीची वाफ होऊन बैल फुटतो आणि शेजारची मडकीही जातात.

काम झाल्यावर जमीन ओल्या फडक्यानेच पुसा, ही धूळ छातीत जाऊ नये. तीन वर्षांखालच्यांना एकटं बसवू नका, गोळा तोंडात जातो. उरलेली माती ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत बांधली तर नागपंचमीच्या नागालाही चालते.