परदेशातला गाडीचा दंड भरायचा राहिलाय? नौपाड्यातलं हे ऑफिस खरंच कामाचं आहे (५ पैकी ४)

ठाण्याच्या नौपाड्यातल्या या व्हिसाच्या ऑफिसबद्दल कोणीतरी सविस्तर लिहायला हवं असं मला वाटत होतं, कारण इथले बाकीचे रिव्ह्यू "छान सर्व्हिस", "व्हिसा वेळेत आला" एवढ्यावरच संपतात. व्हिसा काय, ठाण्यात पावलापावलावर कोणीतरी काढून देतंच. आम्ही व्हिसासाठी गेलोच नव्हतो, आम्ही गेलो होतो इटलीहून आलेली ट्रॅफिक दंडाची नोटीस घेऊन, आणि त्या कामात यांनी जी मदत केली ती दुसरीकडे कुठेच मिळाली नाही.

झालं असं की दादा-वहिनी मुलांना घेऊन इटलीला गेले होते, तिथे रेंटल गाडी घेतली, फिरले, परत आले. नंतर दादाच्या क्रेडिट कार्डावर रेंटल कंपनीने पन्नासेक युरो लावले, त्याला वाटलं काहीतरी दंड होता तो गेला, विषय संपला. आणि मग बऱ्याच महिन्यांनी पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन दारात हजर, आईने सही करून घेतलं, उघडलं तर तिथल्या शहर पोलिसांची नोटीस. गाडीचा नंबर, तारीख, मिनिटापर्यंत वेळ, कॅमेरा कुठल्या रस्त्यावरचा ते नाव, सगळं छापलेलं. आई इतकी घाबरली की दोन दिवस तिला नीट जेवण गेलं नाही, तिला वाटलं आता दादाचा पासपोर्टच जप्त होणार.

आधी आम्ही दुसऱ्या दोन ठिकाणी विचारलं (नावं लिहीत नाही). एकाने कागद हातात न घेताच सांगितलं, "फाडून टाका हो, इटलीवरून कोण येतंय ठाण्यात वसुलीला." दुसरा म्हणाला पंधरा हजार द्या, मिटवून देतो. कसं मिटवणार, पावती कोणाच्या नावाने येणार, काही सांगायला तयार नाही. या दोन्ही उत्तरांचा मला मनापासून राग आला, कारण समोरचा माणूस घाबरलेला असतो आणि त्याला एक तर उडवून लावायचं नाहीतर लुटायचं.

मग वहिनीच्या मैत्रिणीने हे ऑफिस सांगितलं. पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, जिना अरुंद आहे, आईला गुडघ्यामुळे त्रास झाला. आत चारच खुर्च्या. पण ऑफिस चालवणाऱ्या मॅडमनी पहिला प्रश्न काय विचारला माहितीये? "काकू, पाकीट कुठाय?" नोटीस नाही, ती ज्यात आली ते पाकीट! आईने जपून ठेवलं होतं म्हणून बरं. त्यांनी त्यावरचे शिक्के बघितले, सही कुठल्या दिवशी केली ते आईकडून नक्की करून घेतलं, आणि मगच आतला कागद उघडला. कारण इटलीत नोटीस हातात पडल्यापासून ५ दिवसांच्या आत भरलं तर दंडावर ३० टक्के सूट मिळते. जुन्या शहरात बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेला भाग असतो, झेडटीएल म्हणतात, फ्लोरेन्स, पिसा, रोम सगळीकडे आहे, तिथे शिरलं की दंड ८३ युरोपासून सुरू. ५ दिवसांत भरला तर ५८ युरो १० सेंट, ६० दिवसांपर्यंत पूर्ण ८३, आणि त्यानंतर थेट १६६. वर नोटीस पाठवण्याचा खर्च वेगळा. आमचे पाच दिवस अजून संपले नव्हते, त्या दोन एजंटांच्या नादी लागून बसलो असतो तर सूट गेलीच असती.

कार्डावरच्या पन्नास युरोंचंही कोडं तिथेच सुटलं. तो दंड नव्हताच. पोलीस रेंटल कंपनीला विचारतात गाडी कोणाकडे होती, कंपनी नाव-पत्ता कळवते आणि त्या कळवण्याची फी तुमच्या कार्डावर लावते, अॅग्रीमेंटमध्ये तसं लिहिलेलं असतं. खरा दंड नंतर घरी येतो आणि उशिरा येतो, कारण परदेशात राहणाऱ्याला नोटीस पाठवायला त्यांच्या कायद्यात ३६० दिवस दिलेत. म्हणजे कार्डावर असा चार्ज दिसला तर संपलं नाही, आता कुठे सुरू झालंय असं समजायचं. एवढी साधी गोष्ट बुकिंग करून देणारे कोणी सांगत का नाहीत?

भरणाही त्यांनी आमच्याकडूनच करून घेतला. नोटिशीवर साइटचा पत्ता असतो, नोटीस नंबर आणि गाडीचा नंबर टाकायचा, दादाचं स्वतःचं कार्ड, दादाचाच मोबाईल. पहिल्यांदा पेमेंट फेल झालं. मॅडमनी लगेच बँकेचं अॅप उघडायला लावलं, कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार बंद होते, रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमापासून नवीन कार्डावर ते आपल्याला स्वतःहून चालू करावे लागतात, चालू केले, गेलं पेमेंट. पावतीची पीडीएफ दादाच्या, वहिनीच्या आणि आईच्या सुद्धा फोनवर पाठवायला लावली. आणि निघताना म्हणाल्या, "अजून एक नोटीस येईल बहुतेक, घाबरू नका." खरंच आली, दुसऱ्या दिवसाची, आणि या वेळी आईने पाकिटावर स्वतःच पेनाने तारीख टाकून ठेवली होती.

आम्ही बसलो होतो तेव्हा शेजारी कळव्याचा एक मुलगा होता, कुवेतची नोकरी कायमची सोडणार होता, सुट्टीवर आलेला, परत जाऊन सामान आवरायचं आणि यायचं. त्याच्या नावावर तिथे दंड साचलेले आणि मित्रांनी सांगितलेलं की विमानात बसलास की सुटलास. मॅडमनी त्याला अक्षरशः समोर बसवून समजावलं. कुवेतने ऑगस्ट २०२३ पासून नियमच केलाय, परदेशी माणसाला देश सोडायच्या आधी ट्रॅफिकचे दंड भरावेच लागतात, विमानतळावर अडकून धावपळ करण्यापेक्षा आत्ताच तिथल्या गृहखात्याच्या साइटवर सिव्हिल आयडी (कुवेतच्या ओळखपत्राचा नंबर) टाकून बघ. त्याने तिथेच बघितलं. कतारनेही १ सप्टेंबर २०२४ पासून तेच केलं, दंड बाकी असेल तर जमीन, समुद्र, हवाई कुठल्याच मार्गाने बाहेर सोडत नाहीत, आणि त्याआधी जून ते ऑगस्ट तीन महिने ५० टक्के सूट दिली होती. आपल्याकडच्या किती घरांतली मुलं तिकडे आहेत, त्यांच्यापैकी किती जणांपर्यंत हे पोचतं?

दुबईचं अजून वेगळं. फिरायला गेलेल्यांची गाडी रेंटल असते त्यामुळे दंड गाडीच्या नंबरवर म्हणजे कंपनीकडे जातो आणि कंपनी तुमच्या डिपॉझिटमधून नाहीतर कार्डावरून वसूल करते. सिग्नल तोडला तर १००० दिरहम, वर लायसन्सवर चुकांचे १२ ब्लॅक पॉइंट. नोकरीला असलेल्यांनी दुबई पोलिसांच्या साइटवर लायसन्स नंबर टाकून बाकी किती ते बघावं. अबुधाबीत ६० दिवसांत भरलं तर ३५ टक्के सूट आणि वर्षाच्या आत भरलं तर २५.

हे ऐकताना माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. आपल्याकडे ई-चलान आलं की आपण काय करतो, थांबतो. लोकअदालत लागेल, काहीतरी कमी होईल, तेव्हा भरू. तीन हात नाक्याला सिग्नलवर उभ्या असलेल्या दहा जणांना विचारा, कित्येकांच्या मोबाईलवर जुनी चलानं पडलेली निघतील. थांबलं की फायदा होतो हे आपल्या अंगवळणी पडलंय, आणि तीच सवय घेऊन आपण बाहेर जातो. तिकडे बरोब्बर उलटं आहे, लवकर भरणाऱ्याला सूट आणि थांबणाऱ्याला डबल. माणूस पैसे बुडवायचे म्हणून थांबत नाही हो, इथे चालतं म्हणून थांबतो.

सगळीकडे सारखंच होतं असंही नाही, आणि हे मॅडम स्पष्ट सांगतात, उगाच घाबरवत नाहीत. झेडटीएलचा दंड हा प्रशासकीय दंड आहे, त्यासाठी कोणी दादाला अटक करणार नव्हतं, युरोपच्या शेंगेन व्हिसाच्या फॉर्ममध्ये असा दंड विचारणारा रकाना पण नाही, हे ऐकल्यावर आईच्या जिवात जीव आला. पण हेच स्वित्झर्लंडमध्ये झालं असतं तर? तिथे दंड थकवला की प्रकरण फौजदारी आदेशापर्यंत जातं आणि न भरलेल्या दंडाच्या बदल्यात कोठडी लागू शकते, मग पुन्हा कधी त्या देशात गेलात तर बॉर्डरवर अडकायची वेळ येते. सिंगापूरमध्ये मलेशियाच्या नंबरची गाडी घेऊन जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, त्या गाडीवर आधीचे दंड बाकी असतील तर चेकपॉइंटवरूनच परत पाठवू शकतात. म्हणून "परदेशात दंड बुडवला तर काय होतं" या प्रश्नाला एक उत्तर देणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नका, आधी कुठला देश ते विचारणाऱ्याकडे जा.

अजून एक आवडलं. एक काका मुलाचं अमेरिकेतलं स्पीडिंगचं तिकीट घेऊन आले होते, मुलगा शिक्षण संपवून परत आलेला. मॅडमनी तिकीट वाचलं, त्यावरची कोर्टाची तारीख दाखवली आणि म्हणाल्या, तारखेला हजर राहिलं नाही किंवा पैसे भरले नाहीत तर जज वॉरंट काढू शकतो, पण हे काम माझं नाही, त्या काउंटीत (म्हणजे तिथल्या जिल्ह्यात) काम करणारा वकील बघा. एक रुपया घेतला नाही. जे येत नाही ते येत नाही म्हणून सांगणारं ऑफिस मी तरी फार कमी बघितलंय.

एक स्टार कशाला कापला तेही सांगते. फोन उचलत नाहीत, व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला तर "घेऊन या" एवढंच उत्तर येतं. वयस्कर लोकांना तो जिना खरंच जमत नाही, खाली एखादी खुर्ची ठेवून तिथे कागद बघायची सोय करायला हवी. फी कागदामागे घेतात, कमी नाही, आमच्या दुसऱ्या नोटिशीला निम्मी घेतली. दंडाच्या पैशाला मात्र हात लावत नाहीत, ते तुम्हीच भरायचं.

जाणार असाल तर पाकीट, नोटीस, रेंटलचं अॅग्रीमेंट आणि त्या महिन्यांचं कार्ड स्टेटमेंट सोबत घ्या. ज्याच्या नावाने गाडी होती त्यालाच न्या, कारण ओटीपी त्याच्याच फोनवर येतो. गाडी नेऊ नका, पार्किंग मिळत नाही, स्टेशनवरून चालत जा. दुपारी दोन ते चार बंद असतं आणि शनिवारी गर्दी असते, पण पाच दिवसांची मुदत चालू असेल तर तसं दारातच सांगा, आधी आत घेतात.