जवळचा रस्ता की मोकळा रस्ता? फायबरचा ट्राफिक कुठून सोडायचा

दारव्ह्याकडच्या एका केबलवाल्या भाऊनं विचारलं, नागपूरला दोन फायबर लिंक आहेत, एक यवतमाळहून थेट अन् दुसरी अमरावतीवरून फिरून, तर ट्राफिक (गिऱ्हाईकाईचा इंटरनेट डेटा) नेहमी जवळच्यानंच सोडू की लोड पाहून वाटून देऊ?

पहिले अंतराचं टेन्शन सोडा. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किमी जाते, म्हणजे १०० किमीचा फेरा पडला तरी एका बाजूनं अर्धा मिलिसेकंदच वाढते, ते कोणाला समजतही नाही. पण रात्री आठ-नऊला सारं गाव मॅच पाहत असते तेव्हा भरलेल्या लिंकवर राउटरच्या बफरमध्ये (डेटा थांबायच्या जागेत) पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, लाईनीत अडकते, अन् तिथं पन्नास-शंभर मिलिसेकंद सहज जाते, वरून पॅकेट ड्रॉप होते ते वेगळंच. साधं ओएसपीएफ (राउटरनं रस्ता निवडायची पद्धत) लिंकवर आधीच ठरवलेली कॉस्ट पाहते, चालू लोड पाहतच नाही, म्हणून एक लिंक फुल अन् दुसरी रिकामी.

मेहनतीत मात्र जवळचा रस्ताच बरा. एकदा सेट केलं की झालं, बिघाड शोधायलेही सोपं. लोड पाहून फिरवायचं तर रोज ग्राफ पाहा लागते, अन् लय घाईनं बदलवलं तर ट्राफिक इकडून तिकडं उड्या मारते. अर्पानेटमध्ये (इंटरनेटच्या आधीचं अमेरिकेतलं नेटवर्क) हेच होत होतं, १९८७ मध्ये ते चालवणाऱ्याईले मेट्रिक, म्हणजे रस्ता निवडायचं माप, बदलवा लागलं.

लिंक पीकलाही (लय गर्दीच्या वेळीही) अर्धी रिकामी असंल तर जवळचाच ठेवा. रोज संध्याकाळी भरत असंल तर वाटून द्या, पण एक लिंक तुटली तर दुसरीनं सारा भार पेलला पाहिजे.