किंग आल्फ्रेड्स वे: चारही ऋतूंत ग्रॅव्हल बाइक चालवल्यानंतर

इंग्लंडमधल्या ‘किंग आल्फ्रेड्स वे’ या बहुतांशी कच्च्या वाटांच्या सायकलमार्गाबद्दल विचारणाऱ्या बहुतेक मराठी सायकलस्वारांचा पहिला प्रश्न एकच असतो: किती दिवसांत होतो? ३५० किलोमीटरचं वर्तुळ आहे, विंचेस्टरहून निघून विंचेस्टरलाच परत. दमदार माणूस तीन-चार दिवसांत संपवतो. मी रेडिंगला राहते आणि हा मार्ग आमच्या गावातूनच जातो, त्यामुळे हिवाळ्यापासून पानगळीपर्यंत तुकड्यातुकड्याने, काही तुकडे तर पुन्हा पुन्हा, असा तो फिरले आहे. माझं मत आधीच सांगते. मार्ग अप्रतिम आहे, पण तो उरकून टाकण्याच्या लायकीचा नाही. आणि त्याचे सगळे भाग सारख्या तोलाचेही नाहीत.

‘सायकलिंग यूके’ या १८७८ पासून चालत आलेल्या संस्थेने २०२० मध्ये हा मार्ग जाहीर केला. विंचेस्टर ही नवव्या शतकातल्या आल्फ्रेड राजाच्या वेसेक्स राज्याची मोठी नगरी, म्हणून मार्गाला त्याचं नाव. तलवार उंच धरलेला त्याचा १९०१ चा पुतळा तिथे भररस्त्यात उभा आहे आणि बहुतेक जण तिथूनच पहिलं पायडल मारतात. सलग वर्तुळ म्हणून मार्ग नवा असला, तरी ज्या वाटा जोडून तो झाला त्यातल्या काही फार फार जुन्या आहेत.

हा मार्ग नीट कळायला आधी खडू कळावा लागतो. यातले बहुतेक डोंगर खडूच्या मऊ, पांढऱ्या दगडाचे आहेत. पाऊस पडला की पाणी झिरपून खोल जातं आणि माथा कोरडा राहतो. खालच्या खोऱ्यांत चिकणमाती, पूर्वी तर दाट झाडी आणि दलदल. त्यामुळे माणसं आणि गुरं हजारो वर्षं डोंगराच्या धारेवरूनच चालत राहिली. थडगी, दगडांची वर्तुळं, मातीच्या तटबंद्या, सगळं वर आहे ते त्यामुळेच. आज आपली सायकल धावते तीही त्याच धारेवरून.

सायकलस्वाराची डोकेदुखीही हाच खडू. ओला झाला की तो साबणासारखा निसरडा होतो, उतारावर ब्रेक दाबण्याआधीच चाक सरकतं. त्याचा पांढरा चिखल चाक आणि फ्रेमच्या मधे ठासून बसतो आणि वाळला की खरवडून काढावा लागतो. खडूत गारगोटीचे गोळे असतात. ते फुटले की त्यांच्या कडा सुरीच्या धारेच्या होतात आणि टायरची बाजू चिरतात. ग्रॅव्हल बाइकला, म्हणजे कच्च्या वाटांसाठी जाड टायर लावलेल्या सायकलला, इथे टायरची रुंदी किमान ४० मिलिमीटर समजा. मी ४५ चे ट्यूबलेस वापरते, सीलंट (टायरमधलं छिद्र बुजवणारा द्रव) दर काही महिन्यांनी बदलते आणि आतून लावायला जाड प्लास्टिकचा तुकडा जवळ ठेवते. पुढच्या भागाला सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक साउथ डाउन्स या शेवटच्या टप्प्यातल्या डोंगरांवर जास्त सुखाची, हेही खरं आहे. पण रिजवे या धारेवरच्या प्राचीन वाटेच्या लांबलचक सपाटीवर ग्रॅव्हल बाइकची मजा तिला नाही.

नोव्हेंबर ते मार्च मी धारेवर जात नाही. त्या दिवसांत रेडिंगहून केनेट अँड एव्हन कालव्याची कडेची वाट धरते. १८१० मध्ये पुरा झालेला हा कालवा थेट ब्रिस्टलच्या दिशेने जातो. पूर्वी घोडे ज्या वाटेवरून नावा ओढत, तीच आता चालणाऱ्यांची आणि सायकलींची. चिखल तिथेही असतो, पण चढ नसतो.

नव्याने येणाऱ्यांचा हक्काच्या बाबतीत गोंधळ होतो, म्हणून थोडं सविस्तर. शेतातून जाणाऱ्या प्रत्येक वाटेवर सायकल चालवता येत नाही. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी जाणाऱ्यांची वाट. निळा बाण म्हणजे ब्रायडलवे, मुळात घोडेस्वारांची वाट. १९६८ च्या कंट्रीसाइड ॲक्टने त्यावर सायकलींना हक्क दिला, पण चालणाऱ्यांना आणि घोड्यांना आधी वाट द्यायची या अटीवर. त्याच कायद्यात असंही आहे की सायकलींच्या सोयीसाठी वाट नीट करून देण्याचं बंधन कोणावर नाही. इतकी जड फाटकं आणि खोल चाकोऱ्या का, याचं उत्तर बरंचसं तिथे आहे. जांभळा आणि लाल बाण म्हणजे बायवे, त्यावरही सायकल चालते. समोरून घोडा आला तर वेग कमी करा, लांबूनच मोठ्याने ‘हॅलो’ म्हणा, लागलं तर उतरा. माणसाचा आवाज ऐकला की घोडा बुजत नाही.

आता मुख्य गोष्ट. सॉल्सबरी ते गोरिंग हा भाग या मार्गाचा प्राण आहे. एवढाच केलात तरी चालेल.

सॉल्सबरीचं कॅथेड्रल बांधायला १२२० मध्ये घेतलं. त्याचा १२३ मीटरचा कळस ब्रिटनमध्ये सगळ्यांत उंच आहे आणि मॅग्ना कार्टा या राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या सनदेच्या १२१५ च्या उरलेल्या चार प्रतींपैकी एक तिथे आहे. जुनं कॅथेड्रल आणि जुनं गाव मात्र जवळच्या ओल्ड सेरमच्या टेकाडावर होतं. तिथे चढून मग स्टोनहेंजकडे निघा. दगडांच्या जवळून बायवे जातो, तिकीट न काढताही छान दिसतात. मात्र या बायवेने आलात तर ए-३०३ हा वर्दळीचा महामार्ग ओलांडावा लागतो, तिथे सायकलवरून उतरून थांबा. पुढे सॉल्सबरी प्लेन हे लष्कराचं सरावक्षेत्र. लाल निशाण वर असेल तिकडे जायचं नाही. एरवी तिथला मोकळा गवताळ माळ दक्षिण इंग्लंडमध्ये दुसरीकडे बघायला मिळत नाही.

ॲव्हबरी मला स्टोनहेंजपेक्षा जास्त भावलं. जगातलं सगळ्यांत मोठं दगडी वर्तुळ, आणि त्याच्या आत चक्क गावातली घरं, रस्ता, पब. दगडांना हात लावता येतो, त्यांच्यात मेंढ्या चरत असतात. स्टोनहेंजचे बहुतेक मोठे सार्सन (कठीण वालुकाश्म) दगड याच बाजूच्या, मार्लबरोजवळच्या वेस्ट वुड्समधून नेले होते, हे २०२० मध्ये दगडांच्या रासायनिक तपासणीतून समोर आलं. म्हणजे पंचवीस किलोमीटर, प्रत्येक दगड वीस-वीस टनांचा. स्टोनहेंजहून ॲव्हबरीला सायकलवर येताना पायांना ते अंतर कळतं, तेव्हा त्या ओढणाऱ्या माणसांबद्दल वाटणारा आदर वेगळाच असतो.

मग रिजवे. गडकिल्ले फिरलेल्यांसाठी एक सूचना: नकाशावर ‘बार्बरी कॅसल’, ‘अफिंग्टन कॅसल’ अशी नावं दिसतील. बुरूज आणि दरवाजे शोधू नका. हे लोहयुगातले मातीचे तट आणि खंदक आहेत, आता गवताने झाकलेले. तटावर उभं राहिलं की कोणावर नजर ठेवायला जागा निवडली ते मात्र लगेच उमजतं. वेलंड्स स्मिदी हे सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचं थडगं वाटेच्या अगदी लगत, बीच जातीच्या झाडांत आहे. तिथे डबा उघडायला सावली मिळते. (माझ्या डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असते. दिवसभर सायकल चालवायला याहून चांगलं खाणं मला सापडलेलं नाही.) पुढे अफिंग्टनचा पांढरा घोडा, ११० मीटर लांब, जवळपास तीन हजार वर्षांचा. डोंगरात चर खणून त्यात खडू ठासला आहे. तो वेळोवेळी साफ करून नवा खडू भरला नाही तर गवत काही वर्षांत घोडा गिळून टाकेल. इतक्या पिढ्यांनी ते काम सोडलं नाही, आजही स्वयंसेवक हातोड्याने खडू कुटतात. वाटेवरून पूर्ण घोडा दिसत नाही, त्याच्यासाठी खाली खोऱ्यात उतरावं लागतं.

रेडिंग ते फार्नम हा टप्पा जोडणीपुरता आहे. माझंच गाव असलं तरी तो मी शिफारशीत धरणार नाही. रेडिंगमध्ये पहिल्या हेन्रीने ११२१ मध्ये स्थापलेल्या ॲबीचे (ख्रिस्ती मठाचे) अवशेष तेवढे बघा. हाइंडहेडला पुन्हा रंगत येते. २०११ मध्ये बोगदा झाल्यावर तिथला जुना ए-३ रस्ता उखडून माळरान परत आणलं, आणि जिथे गाड्यांची रांग लागायची तिथे आता हेदरची जांभळी झुडपं फुलतात. शेवटचा साउथ डाउन्सचा भाग सुंदर आणि दमवणारा आहे, चढ तीव्र आहेत, थकलेल्या पायांनी तिकडे जाऊ नये.

वारा बहुतेक नैऋत्येकडून असतो. घड्याळाच्या दिशेने गेलात तर रिजवेवर तो पाठीशी राहतो आणि साउथ डाउन्सवर तोंडावर येतो. मला हा सौदा मान्य आहे. माथ्यावर पाणी फारसं नाही. रिजवेवर काही ठिकाणी नळ आहेत, त्यांची जागा आधीच नकाशावर टिपून ठेवा आणि निदान दोन लिटर जवळ बाळगा. विंचेस्टर, सॉल्सबरी, गोरिंग, रेडिंग, फार्नम आणि पीटर्सफील्डला रेल्वे स्थानकं आहेत, सायकलचं वेगळं भाडं पडत नाही. फक्त गर्दीच्या वेळा आणि काही गाड्यांचं आरक्षण बघून घ्या.

गोरिंगला पोचल्यावर पायांत दम असेल तर मार्ग सोडून चिल्टर्नच्या डोंगरात स्टोक रो गावी जा. तिथे बनारसच्या महाराजांनी दिलेली विहीर आहे, १८६४ मध्ये खुली झालेली. हिंदुस्थानात नोकरी केलेल्या तिथल्या एका अधिकाऱ्याने आपल्या मुलखातली पाणीटंचाई महाराजांना सांगितली होती, आणि त्यांनी खर्च उचलला. खडूतून पाणी इतकं खोल गेलेलं की ३६८ फूट हाताने खणावं लागलं. वर घुमट आहे, रहाटावर सोनेरी हत्ती आहे. गोरिंगहून चढ खडा आणि रस्ते अरुंद आहेत, म्हणून गाड्या कमी असतात अशा सकाळच्या वेळी निघा.