थर्मोस्टॅट चांगलाय, पण एसी का थांबलाय ते सांगत नाही (तीन स्टार)

आधीच सांगून टाकतो, तीन स्टार देतोय आणि कापलेले दोन स्टार एसी उशिरा चालू होतो म्हणून नाहीत, तर तो का उशीर करतोय याबद्दल हा थर्मोस्टॅट मूग गिळून गप्प बसतो म्हणून आहेत.

सेंट्रल एसीसाठी भिंतीवर बसवायचा स्मार्ट थर्मोस्टॅट (म्हणजे खोलीचं तापमान बघून एसी चालू-बंद करणारा) आहे, जुन्या डायलवाल्याच्या जागी घेतला. दिसायला झकास, टच एकदम स्मूथ, वायफाय एकदा पकडलं की सोडत नाही, ॲपही ठीकठाक. तापमान बरोबर दाखवतो, शेजारी साधा थर्मामीटर धरून बघितलं. एवढं कौतुक पुरे.

आता खरा मुद्दा. घर तापून 30 वर गेलंय, तुम्ही 24 लावलं, स्क्रीनवर ती बर्फाची चांदणी लुकलुकायला लागली आणि पुढे काहीच नाही, ना आवाज ना गार हवा. मग माणूस काय करतो, 22 करतो, मग 20 करतो, आमचे बाबा तर थेट 16 वर नेऊन ठेवतात, म्हणे दम दिला की लवकर ऐकतो! साध्या, एकाच स्पीडच्या एसीला 16 लावा नाहीतर 24 लावा, त्याला दोनच गोष्टी कळतात, चालू आणि बंद. त्यामुळे आकडा खाली नेऊन एसी एक सेकंदही लवकर येत नाही, फक्त नंतर घर नको तेवढं गार होतं आणि बिल वाढतं.

ही चांदणी लुकलुकते म्हणजे बिघाड नाही हे आधी समजून घ्या. कंप्रेसर (बाहेरच्या युनिटमधला गॅस दाबणारा पंप) बंद झाला की लगेच परत चालू करायचा नसतो म्हणून थर्मोस्टॅट साधारण 5 मिनिटं मुद्दाम थांबतो (रिमोटवाल्या स्प्लिट एसीतही असाच साधारण 3 मिनिटांचा डिले असतो, आपलं तिकडे लक्ष जात नाही इतकंच). कारण बंद झाल्या झाल्या गॅसचं प्रेशर एका बाजूला खूप आणि दुसऱ्या बाजूला कमी असतं, ते दोन्हीकडे सारखं व्हायला काही मिनिटं जातात, त्याआधी चालू केला तर मोटरला त्या प्रेशरच्या विरुद्ध उठावं लागतं, ती उठत नाही, नुसती गुणगुणते, करंट नेहमीच्या कितीतरी पट खेचते, तापते आणि ओव्हरलोड, म्हणजे मोटर जळू नये म्हणून असलेला स्विच, ट्रिप होतो. मग 5 मिनिटं सोडा, ती मोटर निवेपर्यंत बसा घाम पुसत. लाईट जाऊन आली तरी हाच डिले लागतो, कारण कंप्रेसर कधी बंद झाला होता हे थर्मोस्टॅटला ठाऊक नसतं, तो आपला सेफ साइडला राहतो. इथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही, उलट कंप्रेसर वाचतोय.

तक्रार पुढे आहे. आमच्याकडे 5 मिनिटं झाली, दहा झाली, पंधरा झाली तरी चांदणी लुकलुकतेच आहे. हेल्पलाइनला फोन केला की एकच टेप, "सर, पाच मिनिटांचा डिले नॉर्मल आहे." अहो ताई, नॉर्मल आहे ते कळलं, पण पाच मिनिटं संपतच नाहीयेत त्याचं काय? तर म्हणे रीसेट करून बघा. आणि रीसेट केलं की डिले परत शून्यापासून सुरू, म्हणजे उपाय म्हणून जे सांगतायत त्यानेच थांबणं वाढतंय.

शेवटी एका दुपारी खुर्ची टाकून त्याच्यासमोरच बसलो. पाच मिनिटं झाली, आतल्या रिलेचा (एसीला निरोप देणाऱ्या छोट्या स्विचचा) टक् असा बारीक आवाज आला, आणि त्याच क्षणी स्क्रीन मंद झाला, काळा झाला, कंपनीचा लोगो आला, आणि परत चांदणी लुकलुकायला लागली. म्हणजे एसीला चालू हो म्हणायच्या ऐन वेळी साहेब स्वतःच बंद पडून परत चालू होत होते! दर वेळी टायमर नव्याने मोजायला सुरुवात. ॲपवर याचा मागमूस नाही, तिथे आपलं "कूलिंग" लिहिलेलं.

हे वीज कमी पडल्याचं लक्षण. या थर्मोस्टॅटला 24 व्होल्ट लागतात, आर टर्मिनलवरून (मागे वायर जोडायच्या भोकांवर आर, सी, वाय अशी अक्षरं असतात) येतात आणि सी वायरवरून परत जातात. सी वायर जोडलेली नसेल तर तो वाय वायरमधून, म्हणजे ज्या वायरने कंप्रेसरला बोलावतो तिच्यातूनच, थोडी थोडी वीज चोरून आपली बॅटरी चार्ज करतो. वायफाय, मोठा स्क्रीन, सगळं त्या चोरीवर चालवायचं म्हटल्यावर कधीतरी दम निघणारच. एसीचा ब्रेकर बंद करून थर्मोस्टॅटचं तोंड काढलं तर सी चं भोक रिकामं, आणि मागे भिंतीत एक निळी वायर केबलभोवती गुंडाळून तशीच ठेवलेली. बसवायला आलेल्या माणसाने तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं, पण त्याला तरी काय बोलणार, मॅन्युअलमध्येच लिहिलंय "सी वायर: ऐच्छिक". निळ्या वायरचं एक टोक थर्मोस्टॅटच्या सी ला आणि दुसरं टोक आतल्या युनिटच्या बोर्डावरच्या सी ला जोडलं, ब्रेकर चालू केला, मल्टिमीटरवर (व्होल्ट मोजायचं यंत्र) आर आणि सी मध्ये 26 व्होल्ट. लोगो परत दिसला नाही, पाच मिनिटं म्हणजे पाचच मिनिटं.

तुमच्याकडे सी वायर असूनही उशीर होत असेल तर चांदणी लुकलुकायची थांबल्यावर वाय आणि सी मध्ये मल्टिमीटर लावा. 24 च्या आसपास दाखवतंय आणि बाहेरचं युनिट तरी गप्प, तर थर्मोस्टॅटला शिव्या देऊ नका, त्याने निरोप दिलाय. मग कदाचित बाहेरच्या युनिटचा स्वतःचाही टायमर असेल (म्हणजे डबल डिले), नाहीतर कॉन्टॅक्टर (कंप्रेसरला वीज जोडणारा स्विच) नाहीतर कपॅसिटर (मोटर उठवायला मदत करणारा) गेला असेल. तिथे मात्र हात घालू नका, कपॅसिटर वीज बंद केल्यावरही चार्ज धरून ठेवतो, मेकॅनिकला बोलवा. आणखी एक, बऱ्याच युनिटमध्ये पाण्याच्या ट्रेला फ्लोट स्विच असतो, ड्रेन पाइप तुंबून ट्रे भरला की तो सर्किट तोडतो, काही ठिकाणी तर थर्मोस्टॅटचीच वीज जाते. ड्रेन साफ केला की काम झालं.

इन्स्टॉलर मेनूमध्ये हा डिले कमी करायची सेटिंग आहे, आणि शून्य करायचा मोह होतो. प्लीज नको. मात्र त्याच मेनूत डिफरन्शियल आहे ते नक्की बघा, म्हणजे सेट केलेल्या आकड्याच्या किती वर गेल्यावर एसी चालू व्हायचं ते. आमच्याकडे कंपनीतून ते दीड डिग्रीवर आलं होतं, म्हणजे 24 लावलं तर साडेपंचवीस होईपर्यंत स्वारी ढिम्म. अर्ध्या डिग्रीवर आणलं, बरं वाटलं. फार कमीही करू नका, नाहीतर एसी सारखा चालू-बंद होत राहील.

एवढा भारी स्क्रीन दिलाय, घड्याळ दाखवता, हवामान दाखवता, मग "कंप्रेसर 3 मिनिटांत चालू होईल" एवढी एक ओळ दाखवायला काय जातं? आणि वीज कमी पडून रीस्टार्ट झाला तर तसं ॲपवर का येत नाही? या दोन गोष्टी अपडेटमध्ये दिल्या तर उरलेले दोन स्टार लगेच देतो.

घ्यायचा असेल तर घेण्याआधी जुना थर्मोस्टॅट उघडून (ब्रेकर बंद करून!) मागे एखादी वायर शिल्लक आहे का ते बघा. नसेल तर सी वायरचा अ‍ॅडाप्टर किंवा 24 व्होल्टचा वेगळा ट्रान्सफॉर्मर लागेल, तो बॉक्समध्ये येत नाही.