ग्नूकॅश: 'फिनिश' दाबल्यानंतर चूक सापडली तर

घरचा हिशेब ग्नूकॅश या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवायला लागून बरेच महिने झाले. दोन बचत खाती, एक क्रेडिट कार्ड, थोड्या मुदतठेवी. मोफत आहे, दुहेरी नोंद पद्धतीचं (प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत बसतो) आहे, लिनक्स-विंडोज-मॅक तिन्हीवर चालतं, हे तुम्ही इतरत्र वाचलं असेल. मी लिहितेय ते फक्त बँकेच्या ताळमेळाबद्दल, म्हणजे आपल्या नोंदी बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवण्याबद्दल (ग्नूकॅशच्या भाषेत 'रिकन्साइल'), कारण नवीन माणसं सोडून जातात ती इथेच.

स्टेटमेंटशी ताळा घातला, फरक शून्य आला, 'फिनिश' दाबलं. आठवड्याने लक्षात येतं की एक नोंद दोनदा पडली होती. आता? 'मागचा ताळमेळ रद्द करा' असं बटण ग्नूकॅशमध्ये नाहीच. हे खटकतं खरं. पण आतली रचना कळली की भीती उरत नाही. ताळमेळाची अशी वेगळी नोंदवही नसते. प्रत्येक नोंदीच्या 'आर' रकान्यात एक अक्षर असतं: नवी असेल तर 'एन', बँकेत दिसली की 'सी', स्टेटमेंटशी जुळवून पक्की केली की 'वाय'. पुढच्या वेळी रिकन्साइलच्या खिडकीत दिसणारी आरंभीची शिल्लक म्हणजे त्या खात्यातल्या सगळ्या 'वाय' नोंदींची बेरीज. ती हाताने बदलता येत नाही, आणि येऊही नये. मागच्या स्टेटमेंटच्या अखेरच्या शिलकेशी ती जुळली नाही, तर जुन्या, पक्क्या केलेल्या नोंदींत काहीतरी हललंय हे नक्की समजावं.

मग फरकाची रक्कम बघायची. जुन्या स्टेटमेंटमध्ये तेवढ्याच रकमेची नोंद असेल, तर ती पुसली गेली असेल किंवा तिचा 'वाय' उडाला असेल. फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद सापडली, तर जमा-नावे उलटं झालंय का ते तपासा. फरकाला नऊने भाग जात असेल, तर आकड्यांची अदलाबदल शोधा. जुन्या मुनिमांचे हे आडाखे इथेही अगदी बरोबर लागू पडतात. मुदतठेवी बचत खात्याच्या पोटात ठेवल्या असतील, तर रिकन्साइल सुरू करताना 'पोटखाती धरा' या खुणेकडे आधी बघा. ती चुकून लागली की ठेवींची रक्कमही बेरजेत येते.

यूपीआयमुळे एक वेगळाच घोळ होतो. कुणाला पाठवलेली रक्कम त्याच्या खात्यात जमा झाली नाही, तर ती उशिरात उशिरा दुसऱ्या दिवशी परत यावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. पैसे ३१ तारखेला गेले आणि १ तारखेला परत आले, की एक ओळ या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये आणि दुसरी पुढच्या. 'शेवटी शून्यच तर होतंय' म्हणून ही जोडी कधीही पुसू नका. पहिली ओळ पक्की झालेली असते, ती पुसली की पुढची आरंभीची शिल्लक तेवढ्याने चुकते.

दुरुस्तीआधी फाइलची प्रत काढा. एक्सएमएल स्वरूपात जतन करत असाल तर ग्नूकॅश स्वतःच तारखेसह जुन्या प्रती ठेवतं, सेटिंग बदललं नसेल तर तीस दिवस. एसक्यूलाइट या डेटाबेस स्वरूपात प्रत्येक बदल लगेच जतन होतो, त्यामुळे 'रिव्हर्ट'चा, म्हणजे शेवटच्या जतनापर्यंत मागे जाण्याचा, आधार नाही. म्हणून मी एक्सएमएलच वापरते. मग शोध खिडकीत रिकन्साइलची तारीख टाकून त्या महिन्याच्या नोंदी समोर आणायच्या, आणि 'वाय'वर टिचकी मारायची. इशारा येतो, होकार दिला की 'एन' होतो. चूक एका नोंदीपुरती असेल तर पूर्ण महिना उघडायची गरज नाही: तेवढीच मोकळी करा, दुरुस्त करा, आणि त्याच स्टेटमेंटची तारीख व अखेरची शिल्लक देऊन पुन्हा रिकन्साइल करा.

क्रेडिट कार्डाच्या बिलाची नोंद जपून हाताळा. एकाच व्यवहाराच्या दोन बाजू, प्रत्येकीचं अक्षर वेगळं. कार्डाच्या खात्यात बसून रक्कम बदलली तर बचत खात्यातली पक्की बाजूही बदलते. तसा इशारा येतो, पण 'पुन्हा विचारू नका' वर खूण केली असेल तर येत नाही. ॲक्शन्स मेनूतल्या 'रिसेट वॉर्निंग्ज'ने सगळे इशारे परत चालू होतात. घरात एकाहून जास्त माणसं नोंदी करत असतील तर हे आजच करून ठेवा.

रिकन्साइलच्या खिडकीतलं 'बॅलन्स' बटण दाबून फरकाची नोंद पाडायला माझा ठाम विरोध आहे. त्याने आकडा जुळतो, चूक तशीच राहते, आणि वर्षअखेरीला व्याज आणि टीडीएस बघताना तीच वर येते. नोंद सापडत नसेल तर 'पोस्टपोन' करून उठावं. लावलेल्या खुणा 'सी' म्हणून राहतात.

उणीव एकच, पण मोठी: पूर्ण महिना मोकळा करायचा असेल तर एकेका 'वाय'वर टिचकी मारावी लागते. शंभरेक यूपीआय नोंदी असलेल्या खात्यात हे फार जिकिरीचं काम आहे.