काळ्या अक्रोडाचा भुंगेरा: सापळा की फांदी?
जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा हा भुंगेरा पूर्व अमेरिकेत पहिल्यांदा २०१० साली टेनेसी राज्यात नॉक्सव्हिलला सापडला. त्याच्या नोंदींसाठी गंधाचा सापळा बरा की फांद्या तपासणं, असं तुम्ही विचारलंत.

सापळ्याला पैसे पडतात, मेहनत कमी. पण त्यात इतर भुंगेरेही पडतात. भिंगाखाली पाठीच्या पुढच्या कडेवरच्या खरबरीत कमानदार रांगा पाहाव्याच लागतात. शिवाय तो आसपास उडतोय एवढंच कळतं, झाड कळत नाही.

फांदी कापणं जवळपास फुकट, पण कष्टाचं. साल सोलली की त्याने पोखरलेल्या बोगद्याभोवती, त्यानेच आणलेल्या बुरशीचे तपकिरी चट्टे दिसतात, नकाशावर नेमकं झाड मांडता येतं. शेंड्यापर्यंत मात्र हात पोचत नाही.

काउंटीत (म्हणजे तिथल्या जिल्ह्यात) तो आलाय का, एवढंच हवं असेल तर सापळा. अंगणातलं झाड वाळत असेल तर फांदीच. ती दुसऱ्या गावी मात्र नेऊ नका, लाकडाबरोबर तोही जातो.